पिंपातला ऑक्टोबर

पूर्व लंडनमधला बो पूल, ऑक्टोबर १८२१. ली नदीवरच्या या जुन्या दगडी पुलावर तुम्ही उभे आहात आणि गारठ्याने बोटं आखडली आहेत. समोरच्या आवारातून वाफेचे लोट उठतायत. त्या वाफेत दोन वास आहेत. एक भिजलेल्या माल्टचा, गोड आणि जड. दुसरा तुमच्या ओळखीचा नाही. हिरवट, उग्र, थेट नाकात चढणारा. त्या दुसऱ्या वासासाठीच तुम्ही इतक्या लांब आला आहात.

फाटकातून आत या. ही हॉजसनची ब्रुअरी. जॉर्ज हॉजसनने ती १७५२मध्ये सुरू केली, आता ती त्याच्या वारसांच्या हाती आहे. तांब्याच्या प्रचंड भांड्यात बार्लीचा गोड काढा उकळतोय आणि वर उभा असलेला कामगार पोत्यातून हॉप्स ओततोय, थांबतोय, पुन्हा ओततोय. त्या पोत्यात हात घाला. हाताला लागतो तो अंगठ्याच्या पेराएवढा, पातळ कागदी पाकळ्यांचा शंकू. हॉपच्या वेलीचा हा मादी फुलोरा. सप्टेंबरात केंटच्या मळ्यांतून खुडलेला आणि भट्टीच्या उष्णतेवर वाळवलेला. तो मधोमध फाडलात की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळीधमक चिकट पूड दिसते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. गांजाचं झाड आणि हॉपची वेल एकाच कुळातली आहेत, हे तो वास घेतल्यावर कुणी सांगावं लागत नाही.

पूड नीट पाहून घ्या. तिच्यात राळ आहे आणि सुगंधी तेलंही आहेत. राळेतली आम्लं साध्या पाण्यात जेमतेम विरघळतात. तास-दीड तास खळखळ उकळली की त्यांची रचना बदलते, ती काढ्यात उतरतात आणि बिअर कडू होते. बिअर आंबट करणाऱ्या लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंना हा कडूपणा वाढू देत नाही. तेलांचं नेमकं उलटं. उकळीत ती वाफेबरोबर उडून जातात. पुलावर तुमच्या नाकाशी आलेला वास म्हणजे बिअरमधून कायमचा निघून गेलेला वास. त्यामुळे कडूपणा आणि सुगंध दोन्ही हवे असतील तर हॉप्स दोनदा घालावे लागतात, एकदा उकळताना आणि एकदा सगळं निवल्यावर. तळघरात हेच चाललंय. पिंप भरलं की बुचाच्या भोकातून मूठमूठ कोरडे हॉप्स आत सारायचे आणि मग बूच ठोकून बसवायचं. एकेका हॉग्जहेडमध्ये सुमारे २५० लिटर बिअर मावते.

ऑक्टोबरच का, तर थंडी असते म्हणून. बर्फ करणारी यंत्रं अजून यायची आहेत, उन्हाळ्यात बिअर नासते. नव्या हंगामाचे हॉप्सही आताच हाताशी असतात. भरपूर माल्ट आणि भरपूर हॉप्स घालून केलेली ही ऑक्टोबर बिअर इंग्रज जमीनदार आपल्या तळघरात वर्ष-दोन वर्षं मुरवत ठेवायचे. हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठी हॉजसनने मुद्दाम नवी बिअर शोधून काढली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती खरी नाही. बिअर आधीपासून होती. हिंदुस्थानात काळी पोर्टर बिअरही ढिगाने जात होती आणि सुखरूप पोचत होती. हॉजसनचं नशीब त्याच्या पत्त्यात होतं. ली नदी इथून पुढे ब्लॅकवॉलला टेम्सला मिळते आणि तिथेच कंपनी सरकारची जहाजं नांगर टाकतात. त्या जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा थोडा व्यापार करायची मुभा असते. त्यांना जवळची ब्रुअरी सोयीची. शिवाय हॉजसन उधारीही देतो, तीसुद्धा अठरा-अठरा महिन्यांची. एवढ्यावर त्याने मुंबई आणि कलकत्त्याची बाजारपेठ धरून ठेवली आहे.

निघण्याआधी एका पिंपाला बारीक भोक पाडून मापटंभर चाखा. ही कोवळी बिअर प्यायची नाहीच. माल्टचा गोडवा एकीकडे, कडूपणा दुसरीकडे, दोघांची अजून गाठच पडलेली नाही. घोट गिळल्यावर घशाशी एक खरखर उरते. आणि त्या सगळ्याच्या वर, ताजा, हिरवा, डोकं फिरवणारा हॉपचा वास. तो लक्षात ठेवा.

आता जहाजाच्या पोटात शिरा. जानेवारीत ब्लॅकवॉल सोडलं की अटलांटिकची थंडी, मग विषुववृत्तावरचा दमट उकाडा, मग आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालताना पुन्हा थंडी आणि अंगावर येणाऱ्या लाटा, मग दुसऱ्यांदा विषुववृत्त. जवळपास पाच महिने पिंपं डुचमळत राहतात. आत एक संथ काम चालू असतं. ब्रुअरच्या यीस्टला जी शर्करा पचली नाही, ती लाकडाच्या भेगांत दडलेलं वेगळ्या जातीचं यीस्ट हळूहळू खाऊन टाकतं. पुढे १९०४मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये क्लाउसेन इंग्रजी बिअरमधूनच ते वेगळं काढील आणि त्याला ब्रेटॅनोमायसिस हे नाव देईल. आज १८२२मध्ये त्याला नाव नाही, पण काम चोख आहे. गोडवा संपत जातो, बिअर कोरडी आणि हलकी होते, तिच्यात फसफस भरते. कडूपणाची धार बोथट होते. आणि ते सुंदर हिरवं तेल हवेशी, लाकडाशी, काळाशी झगडत विरत जातं.

मे महिन्याची अखेर, मुंबई. अपोलो बंदराच्या पायऱ्यांवर पाऊल टाकताच अंगातून घामाच्या धारा लागतात. पावसाला अजून दोन आठवडे तरी आहेत. एल्फिन्स्टन गव्हर्नर आहे, पेशवाई बुडून चार वर्षं झाली आहेत, आणि कोटाच्या आत फर्दुनजी मर्झबान आपल्या छापखान्यात १ जुलैला निघायच्या ‘मुंबई समाचार’च्या पहिल्या अंकाच्या तयारीत आहे. बंदरावर माझगावच्या आंब्यांच्या टोपल्या उतरतायत. एका टोपलीतल्या कैरीचा देठ तुटला आहे. तिथून ओघळणाऱ्या चिकाचा वास घेतलात की तुम्ही थबकता. हिरवा, राळेचा, टोचणारा. हा वास बोच्या तळघरातला आहे. उगाच भास नाही होत तुम्हाला. हॉपच्या तेलातला मुख्य घटक मायर्सीन, आणि तोच आंब्याच्या चिकातही असतो.

हमाल पिंपं गडगडवत मेडोज स्ट्रीटकडे नेतायत. उघड्या पाठी, कमरेला धडुतं, खांद्यावर घट्टे. या बिअरचा थेंब त्यांच्या वाट्याला कधी यायचा नाही. त्यांच्या मागोमाग चाला. विलायती मालाच्या एका पारशी दुकानाच्या मागच्या पडवीत पहिलं पिंप ठेवतात, झाकण ठोकून पाहतात, गळती तपासतात. मालाची परीक्षा आता व्हायची आहे. सहा महिन्यांचं कर्ज, भाडं, जोखीम सगळं त्या एका बुचामागे आहे. तोटी ठोकली जाते. आबदार पुढे येतो. मुंबईत अमेरिकेचा बर्फ उतरायला अजून बारा वर्षं आहेत, त्यामुळे गारव्याची सारी भिस्त या माणसावर. पाण्याच्या पसरट भांड्यात तो सोऱ्याची पूड टाकतो आणि पूड विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेते. त्या पाण्यात तोटीतून भरलेली बिअरची बाटली तो सावकाश फिरवत राहतो. खिडकीवरच्या ओल्या वाळ्याच्या तट्ट्यातून येणारी झुळूक तुमच्या मानेला लागते.

दुकानाचे शेटजी आधी ग्लास उजेडाकडे धरतात. बिअर स्वच्छ आहे, फिकट सोनेरी, वर पांढरा फेस. ते घोट घेतात, जीभ टाळूला लावतात, आणि त्यांचा चेहरा सैल होतो. मग दुसरा ग्लास तुमच्याकडे सरकवतात.

घ्या. पहिल्यांदा काहीच विशेष जाणवत नाही, फक्त गार, कोरडं, झिणझिणतं. मग कडूपणा येतो, उशिरा आणि सावकाश. कडू चव अशीच येते. बाकीच्या चवी उतरल्या की ती राहते. पण आता तिच्यात खरखर नाही. लंडनमध्ये जो गोडवा आणि जो कडूपणा एकमेकांना ओळखत नव्हता, त्यांतला गोडवा जवळपास संपला आहे आणि कडूपणा एकटाच, शांतपणे सगळी बिअर पेलून धरतो आहे. या उकाड्यात पुढचा घोट कधी घेतला तेही कळत नाही. नाक ग्लासात घालून मात्र तुम्ही पुन्हा पुन्हा शोधता. वाळलेलं गवत आहे, लाकूड आहे, थोडं चामडं आहे. कैरीचा चीक नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोटाबाहेर, माहीमच्या वाडीत जा. भंडारी माडावरून उतरतोय, त्याच्या मडक्यात रात्रभर साठलेला रस आहे. आत्ता तो गोड आहे. सूर्य वर आला की जिभेला चुरचुरू लागतो, दुपारी चढतो आणि संध्याकाळी इतका आंबतो की काही तासांपूर्वीची चव आठवू नये. त्यात हॉप नाही, जिवाणूंना अडवणारं काही नाही, म्हणून त्याला वेळेशी तडजोड करता येत नाही. माडी त्या दिवसाची असते आणि तिथलीच असते. मेडोज स्ट्रीटवर तुम्ही प्यायलात तो गेल्या वर्षीचा ऑक्टोबर होता, लंडनचा. मला या दोन पेयांमध्ये डावं-उजवं करावंसं वाटत नाही. पण बिअरच्या इतिहासात हॉपची बढती कशामुळे झाली हे माहीमच्या त्या मडक्यापाशी जितकं स्पष्ट कळतं तितकं पुस्तकात कळत नाही. चव बाजूला राहू दे, आधी त्याने वेळ मिळवून दिला.

आता परत इंग्लंडमध्ये, बर्टन-ऑन-ट्रेंटला. इथे फार वेळ थांबायचं कारण नाही. साल तेच, १८२२. रशियाने जकात वाढवल्यामुळे इथल्या ब्रुअरांचा जुना बाल्टिक व्यापार मोडला आहे. हॉजसनच्या मक्तेदारीला वैतागलेले कंपनीचे एक संचालक, कॅम्पबेल मार्जोरीबँक्स, त्या ब्रुअरांपैकी सॅम्युअल ऑलसॉपला सुचवतात की तुम्हीच अशी बिअर करा ना. जॉब गुडहेड या ऑलसॉपच्या माणसाने पहिला प्रयोग चक्क चहाच्या किटलीत केला असं सांगतात. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम विरघळलेलं असतं आणि त्या पाण्यात हॉपचा कडूपणा अधिक लख्ख, अधिक कोरडा लागतो. हॉजसनकडे हे पाणी नव्हतं. वर्षभरात ऑलसॉपची पिंपं कलकत्त्याला पोचतात, मागोमाग बर्टनच्याच बास ब्रुअरीची. या बिअरचं ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव १८२९मध्ये सिडनीच्या एका वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत दिसतं. बो पूल मागे पडतो.

आता मोठी उडी. मधल्या दीडशे वर्षांत जहाजं वाफेवर चालू लागली, सुएझ कालवा झाला, बर्फ कारखान्यात होऊ लागला. टिकण्यासाठी हॉपची गरजच उरली नाही. इंग्लंडमध्ये युद्ध आणि करांनी बिअर पातळ केली, अमेरिकेत १९२० ते १९३३ ती कायद्यानेच बंद होती, आणि त्यानंतर आली ती सगळीकडे सारखी लागणारी, कुणालाच न खटकणारी फिकट लागर. ओरेगनमधल्या कॉर्व्हालिस इथे १९७२मध्ये सरकारी संशोधकांनी कॅस्केड नावाचा हॉपचा नवा वाण जाहीर केला. त्याच्या वासात पपनसाची साल होती. मोठ्या कंपन्यांना तो फार भडक वाटला असता तर नवल नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५मध्ये त्याच कॅस्केडचा वापर करून लिबर्टी एल केली, १९८०मध्ये चिकोची सिएरा नेवाडा आली, आणि लोकांना पुन्हा आठवलं की बिअरला वास असू शकतो.

१९९४, दक्षिण कॅलिफोर्नियातलं टेमेक्युला. ब्लाइंड पिग नावाच्या छोट्या ब्रुअरीत तुम्ही उभे आहात. इथली भांडी जुनी, कामचलाऊ. विनी चिलुर्झो या तरुण ब्रुअरला पहिल्याच बिअरच्या वेळी धास्ती आहे की या भांड्यांमुळे काही आगंतुक चव आली तर काय. तो हॉप्स दुप्पट करतो आणि त्यांना पेलण्यासाठी माल्टही वाढवतो. डबल आयपीए, म्हणजे दुप्पट हॉप्सची इंडिया पेल एल, म्हणून ओळखल्या गेलेल्या पहिल्या काही बिअरांपैकी ही एक. हॉपकडे पुन्हा संरक्षणाचंच काम आलं, फक्त आता शत्रू समुद्र नव्हता. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथून पुढे तो माणूस हॉपला कोणत्याही सबबीशिवाय, निव्वळ हॉप म्हणून वापरायला लागला.

आणि म्हणून २००५चा हिवाळा, कॅलिफोर्नियातलंच सांता रोझा, फोर्थ स्ट्रीट. बाहेर पाऊस भुरभुरतोय. तुम्ही मुद्दाम या वर्षी आला आहात. २०१०च्या दशकात फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी इथे फुटपाथभर रांग लागेल, परदेशातून माणसं येतील, ग्लाससाठी तासन्‌तास उभी राहतील. आज दार ढकललं की रिकामं टेबल मिळतं. पिझ्झ्याच्या भट्टीची ऊब आहे. चिलुर्झो पतिपत्नींनी गेल्याच वर्षी हे रशियन रिव्हर या आपल्या ब्रुअरीचं ब्रूपब उघडलंय. फळ्यावर प्लायनी द एल्डरच्या जोडीला एक नवं नाव खडूने लिहिलेलं आहे, प्लायनी द यंगर.

प्लायनी द एल्डर म्हणजे थोरला प्लिनी, इ. स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेलेला रोमन लेखक. त्याच्या निसर्गविषयक ग्रंथात हॉपचा पहिला उल्लेख आहे असं मानून ८ टक्क्यांच्या डबल आयपीएला त्याचं नाव दिलं गेलं. ती वनस्पती हॉपच होती का, यावर अभ्यासकांना शंका आहे. पण त्याच ग्रंथात हा माणूस तक्रार करतो की हिंदुस्थान दरवर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. मिरी, मोती, कापड यांपायी. ज्या पेयाचा वंश मुंबईच्या बंदरातून गेला त्याला या माणसाचं नाव लागावं, याचं मला मनापासून समाधान वाटतं. धाकटा प्लिनी त्याचा भाचा आणि दत्तक मुलगा, आणि ही धाकटी बिअर त्याहून जबर. १० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल, नेहमीच्या आयपीएच्या तिप्पट हॉप्स, आणि आंबवून झाल्यावर एकदा नव्हे तर चार वेळा कोरडे हॉप्स.

ग्लास छोटा आहे आणि ते बरोबर आहे. साध्या बिअरच्या एवढ्याच दोन ग्लासांइतकी दारू यात आहे. उचलण्याआधीच वास टेबलावर पसरतो. पाइनची राळ. पपनसाची साल चिमटीत दाबल्यावर उडणारा फवारा. किंचित कांद्याच्या पातीसारखं काही. सिमको हा हॉपचा वाण वॉशिंग्टनच्या याकिमा खोऱ्यातून २०००च्या सुमारास बाजारात आला, त्याची ही ओळख. आणि खाली, सगळ्याच्या मुळाशी, तो अपोलो बंदरावरचा चीक. समुद्राने जो हिरावून घेतला होता तो इथे अख्खा आहे, ताजा, बोच्या तळघरात होता तसा.

घोट घ्या, पण लहान. तोंडात पहिल्यांदा जाडपणा जाणवतो, मग क्षणभर संत्र्याच्या पाकासारखा गोडवा, आणि मग कडूपणाची भिंत. या घटकेला अनेकजण ग्लास खाली ठेवतात. तुम्ही थांबा. लिटरमागे विरघळलेल्या कडू आम्लांचे मिलिग्रॅम मोजून बिअरचा कडूपणा सांगतात, आणि १००च्या आसपास गेलं की बिअरमध्ये आणखी फारसं विरघळतही नाही, जिभेला फरकही कळत नाही. या ग्लासात तुम्ही त्या टोकापाशी आहात. तरी तो कडूपणा ओबडधोबड लागत नाही, याचं कारण शेवटी बिअर कोरडी पडते. चिलुर्झो काढ्यात थोडी डेक्स्ट्रोज साखर घालतो. यीस्ट ती पूर्ण खाऊन टाकतं, अल्कोहोल मिळतं आणि अंगावर चरबी राहत नाही. मुंबईच्या वाटेवर जे काम ब्रेटॅनोमायसिसने पाच महिने खपून केलं, ते इथे काही दिवसांत होतं. दुसरा घोट पहिल्यापेक्षा कमी कडू लागतो. तिसऱ्याला छातीत ऊब उतरते. ग्लासचा गारवा थोडा कमी झाला की पपनस मागे जातं आणि राळ पुढे येते, अल्कोहोल हलकेच नाकाला लागतं. ही बिअर पंधरा मिनिटांत तीन वेळा बदलते. तेवढा वेळ तिला द्यावाच.

आता तुमच्या मनात आलं असेल की यातलं एक पिंप १८२२च्या जहाजावर चढवावं. शेटजींना चाखवावं. चढवा. बिअर मुंबईला पोचेल, नासणार नाही. एवढा कडूपणा आणि एवढी दारू असताना कोणता जिवाणू टिकणार? पण वाटेत हवा शिरेल, सोनेरी रंग तांबूस होईल, पाइन आणि पपनस केप ऑफ गुड होपच्या आधीच मावळतील, ओल्या पुठ्ठ्याची झाक येईल. शेटजी ग्लास उजेडाकडे धरतील, घोट घेतील, जोरदार आहे म्हणतील आणि विकूनही टाकतील. कलकत्त्याहून मागणीसुद्धा येईल. आणि चार वेळा घातलेले ते सगळे हॉप्स कशासाठी होते, हे त्यांतल्या कुणालाही कळणार नाही. मायर्सीन आणि त्याचे भाऊबंद काही आठवड्यांचेच सोबती. म्हणून पुढे हे लोक ही बिअर दरवर्षी थोडीच करतील, दोन आठवडे नळावर ठेवतील आणि गार असताना, लगेच प्या असा आग्रह धरतील. माहीमचा भंडारी गिऱ्हाइकाला सकाळी तेच सांगत होता.

पिझ्झा मागवा. मीठ आणि चीज असलं की कडूपणा सौम्य होतो. आणि दुसरा ग्लास घ्यायचा असेल तर आधी पाणी प्या. मुक्कामाची जागा दोन चौक पुढे आहे, चालतच जायचं आहे.